पुतणी

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

काल सकाळी साडेनऊला काका गेले. नगरच्या दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी. बारापर्यंत गाडी गावात आली.

ही वही ड्युटीची आहे, मागची पानं कोरी होती. इथे तरी खरं लिहावं म्हणून पहिलं वाक्य लिहिलं, माझे वडील गेले. वाचून बघितलं तर दुसऱ्याच कुणाच्या वडिलांबद्दल वाटलं. खोडलं. काकाच लिहिते. काका आणि काकू. जन्म त्यांनी दिला. कागदावर मी बापू आणि माईची. बापू म्हणजे काकांचे धाकटे भाऊ, माई त्यांची बायको. बावीस वर्षं एका अंगणात दोन दारं — जेवायला या दारात, झोपायला त्या दारात.

गाडीतून खाली घेतलं तेव्हा अश्विनीताई 'पप्पा, पप्पा' करत अंगावर पडली. ओंकारदादा गाडीचं दार धरून उभा होता. मी पुढे गेले. माझ्या तोंडातून 'प' एवढंच निघालं असेल. काकूने माझा दंड धरला. एवढ्या रडण्यातही तिचं लक्ष होतं. कानाशी येऊन म्हणाली, "काका म्हन."

मी काका म्हटलं. मोठ्याने म्हटलं. अंगणात सगळं गाव होतं, आणि गोठ्याच्या बाजूला काकांच्या विरोधातला बजरंग उभा होता, टोपी हातात घेऊन. बजरंगने ऐकायला पाहिजे म्हणून आणखी एकदा म्हटलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज सावडलं. राख ओढ्यात टाकायची नाही, शेतात खड्डा घेऊन त्यात घालायची आणि वर झाड लावायचं, हे काकांनी सरपंच असताना गावात सुरू केलं. पहिल्या वर्षी लोक ऐकत नव्हते. आता सगळे करतात.

विहिरीच्या अंगाला केशर आंब्याचं रोप लावलं. दादाने माती लोटली, ताईने पाणी घातलं. मी तांब्या भरून मागे उभी होते. छगन गुरुजी म्हणाले, "ज्ञानू, तूही घाल पाणी. पुतणीचंही चालतं."

चांगल्या मनाने म्हणाले. माहीत त्यांनाही आहे. गावात माहीत सगळ्यांना आहे, सिद्ध कुणाला करता येत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दिवसभर चहा. राळेगणच्या रस्त्याने माणसं येतच असतात. दूरच्या एका आत्याने स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "का केलं असंल गं असं सहादेवानं?" मी कप विसळत राहिले.

का केलं ते काही अवघड नाही. बारा सप्टेंबर दोन हजार एक — या तारखेनंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीत बसता येत नाही. नर्सिंगच्या परीक्षेत हे मी लिहिलं होतं. लहान कुटुंबासाठी शासनाचे उपाय, पाच मार्क. साडेचार मिळाले.

कायदा वाईट आहे असं मला वाटत नाही. उपकेंद्रात बायकांना मी स्वतः हेच सांगते, दोन पुरे. तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणात बाई कशी पिवळी पडते ते मी बघितलं आहे. पुढाऱ्यांनी आधी पाळलं तर गाव पाळेल, असं कुणाला तरी मनापासून वाटलं असेल. आमच्या घरात बाळंतपण काही टळलं नाही. वडील तेवढे बदलले.

माझा जन्म मार्च २००३ चा. काकांना २००५ ला उभं राहायचं होतं. दादा सात वर्षांचा, ताई पाच. काकूला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा चार महिने उलटून गेले होते. काका म्हणाले, पाडायचं नाही. बापूला मूल नाही, आपल्याच अंगणात राहील. सगळ्यांचीच सोय झाली. पाच वर्षांचा प्रश्न आहे म्हणाले होते. मग दुसरी पाच आली. मग पाच वर्षं सत्ता विरोधकांची, तेव्हा तर जास्तच जपावं लागलं. मग जागा बायकांसाठी राखीव झाली आणि काकू उभी राहिली. आता सरपंच तीच आहे. मुदत फेब्रुवारीपर्यंत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दशक्रियेचा फ्लेक्स लावायचा आहे. दादा ओट्यावर बसून फ्लेक्सवाल्याला फोनवर नावं सांगत होता. 'शोकाकुल'च्या खाली पत्नी, बंधू, मुलगा, सून, मुलगी, जावई. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पुतणी. कुमारी ज्ञानेश्वरी आदिनाथ."

पलीकडून तो म्हणत होता, जागा पुरत नाही, पुतण्यांना 'समस्त परिवार'मध्ये घालू का.

"न्हाई, न्हाई. हिचं नाव टाक. सगळ्यांचीच अक्षरं बारीक कर."

दादा वाईट नाही. नंतर नळापाशी हात धुताना म्हणाला, "ज्ञाने, फेब्रुवारीपर्यंत कळ काढ. आईची टर्म संपू दे."

"मग?"

"मग काय, मी उभा राहणार. मला काय अडचण न्हाई, माझं एकच हाय."

"मग माझं काय, ते विचारतेय."

"मग बघू ना आपण," म्हणाला आणि टॉवेल शोधायला लागला. टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता.

रविवार, ९ नोव्हेंबर

काकांची खोली आवरली. ताईला होईना, म्हणून मी केली. भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढली. त्यांची सगळी रोजनिशी त्या चौकोनांत असायची — दुधाचे लिटर, लाईट कधी गेली, कुणाचं लग्न, कुणाची मयत. १४ ऑगस्टच्या चौकोनात लिहिलंय, 'अश्विनीला मूलगी झाली. पेढे.'

मू दीर्घ.

काका सातवीपर्यंत शिकलेले. सरपंच झाल्यावर अर्ज, ठराव, पंधरा ऑगस्टचं भाषण सगळं आधी स्वतःच्या हाताने लिहायचे आणि मी दुसरी-तिसरीत असल्यापासून तपासायला माझ्याकडे द्यायचे. लाल पेन त्यांनीच आणून दिलं होतं. बाकीच्या चुका सुधारल्या. ही एक राहिली.

"मुलगीतला मु ऱ्हस्व असतो, काका."

"आमच्या शाळेत दीर्घ हुता."

"नव्हता."

"मग आमचा मास्तर दीर्घ हुता."

दर वेळी हेच. मी लाल गोल करायचे, पुढच्या अर्जात पुन्हा दीर्घ. मुलगा मात्र बरोबर लिहायचे. मला वाटायचं, मला चिडवायला मुद्दाम करतात.

दिनदर्शिका टाकली नाही. माझ्या कपाटात ठेवली. कुणाला विचारलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

माईने वेणी घालून दिली. ती घट्ट घालते, लहानपणापासून. आज सैल घातली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दशक्रिया झाली. बंधाऱ्यापाशी मांडव. प्रवचन, मग भाषणं. पाच जण बोलले, सहाव्याला महाराजांनी हाताने थांबवलं.

छगन गुरुजींचं भाषण लक्षात राहील. "सहादेवरावांनी लोकसंख्येचा प्रश्न भाषणातून नाही, घरातून सोडवला. दोन अपत्यांवर थांबणारा या भागातला तो पहिला पुढारी." मागे कुणी तरी खोकलं. पुढच्या रांगेतल्या दोन बायका पदरात हसल्या. गुरुजींना गावातल्या प्रत्येक पोराची जन्मतारीख पाठ आहे, माझी तर त्यांनीच रजिस्टरात चढवली. भाषणाच्या भरात खरंच विसरले असतील. मीही मान खाली घातली. हसू येत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं.

पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. दोन मिनिटंही गेली नसतील. बायका म्हणाल्या, सुखानं गेला माणूस, कशात जीव अडकला न्हवता. बापू म्हणे पुढे होऊन बोलायच्या तयारीत होते. कावळा शिवला नाही तर 'ज्ञानूची काळजी करू नको' असं म्हणायचं ठरवून आले होते. माईने नंतर सांगितलं. त्यांच्यावर बोलायची वेळच आली नाही.

सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. थोडा वेळ तरी अडायला हवं होतं.

जेवणं उरकल्यावर बजरंग माझ्याजवळ आले. आमच्या घरात त्यांना नुसतं बजरंग म्हणतात. लहानपणी मी तात्या म्हणायचे. त्यांची आणि काकांची शाळेपासूनची मैत्री, मग निवडणुकीत समोरासमोर उभे राहिले. बजरंगतात्या अकरा मतांनी पडले. तरी बोलणं होतं. ते २०१२ च्या अर्जानंतर तुटलं.

तात्या म्हणाले, "पोरी, एकच सांगतो अन् जातो. तो अर्ज म्या केला न्हवता."

मी हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या.

"सहादूला दहादा सांगितलं. बाजारात गाठून सांगितलं, बांधावर सांगितलं. दर टायमाला मान हालवायचा. म्हनायचा, मला म्हाईतीय. आरं म्हाईतीय तर मंग बोलत का न्हाईस? तर खाली बघून चालाय लागायचा."

एवढ्यात दादा आला. "तात्या, चहा घेतला का?" म्हणत त्यांना मांडवाबाहेर नेऊन सोडलं. परत येऊन मला म्हणाला, "काय म्हणत हुता?"

"काही नाही. रडत होते."

ते खरंही होतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अर्जाचं लिहून ठेवते. काल तात्या बोलल्यापासून तेच डोक्यात आहे.

मी चौथीत होते. काकांची सरपंच म्हणून दुसरी टर्म. कुणी तरी नगरच्या ऑफिसात अर्ज केला, सरपंचांना तिसरं मूल आहे असा, खाली नाव नाही, 'एक ग्रामस्थ' एवढंच. निनावी अर्ज फाडून टाकतात म्हणे. पण हा इतका नेमका होता की चौकशी लागली. घरात सगळ्यांनी बजरंगचंच नाव घेतलं. दुसरं कोण करणार?

आठ दिवस काकूने माझी तयारी करून घेतली. भाकरी थापता थापता मध्येच विचारायची, "तुझे वडील कोन?" मी म्हणायचे, "आदिनाथ." "आन सहादेव?" "काका." चुकले नाही एकदाही.

ऑफिसात साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं. चांगले होते. म्हणाले, घाबरू नकोस बाळ, या दोघांपैकी तुझे वडील कोणते ते दाखव. काका आणि बापू शेजारी शेजारी उभे. दोघांचे पांढरे कपडे, दोघांच्या हातात टोपी. काका माझ्याकडे बघत होते. इतके एकटक की मला वाटलं, मी चुकेन याची त्यांना भीती वाटतेय. चुकायचं नाही असं मनात म्हटलं आणि बापूंकडे बोट केलं. काकांनी खाली चपलांकडे बघितलं.

बापूंनी लिहून दिलं, मुलगी माझी. अर्ज निकाली निघाला.

बाहेर रसवंतीवर सगळ्यांना रस. काकांनी घेतला नाही, दात ठणकतोय म्हणाले. मी त्यांच्या शर्टाला धरून विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

"एक नंबर," म्हणाले.

पुढे कित्येक दिवस मला त्याचा अभिमान वाटायचा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तेरावा झाला. मांडव सोडला. सोमवारी ड्युटी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

ड्युटीवर गेले. उपकेंद्र शेजारच्या गावात, एसटीने वीस मिनिटं. आशाताईंनी खुर्ची पुसून ठेवली होती. कुणी फार बोललं नाही, बरं वाटलं.

दुपारी अंगद आला, बायकोला घेऊन. आमच्याच गावचा, काकूच्या पॅनेलमधला. दोन मुलं आहेत. बायकोला तिसरा महिना. नाव नोंदवून गरोदरपणाचं कार्ड काढायचं होतं.

बायकोला विचारलं, नाव काय. तिने एक नाव सांगितलं आणि लगेच नवऱ्याकडे बघितलं. पाठ केलेलं म्हणताना मूल जसं मास्तरांकडे बघतं तसं. हातात आधार कार्ड होतं, त्यावरचा फोटो दुसऱ्याच बाईचा.

"हे कुणाचं?"

"वहिनीचं," अंगद म्हणाला. "कार्ड वहिनीच्या नावानं काढा. पुढं डिलिव्हरीबी त्याच नावानं करू."

"वहिनींना दिवस गेलेत का?"

"न्हाई ओ ताई. फेब्रुवारीत उभं राहायचंय. तुमाला काय सांगायचं, तुमच्या घरात काय नवं हाय का हे?" आणि हसला. टोमणा नव्हता. आपल्या माणसाशी बोलावं तसं बोलला.

जुनं रजिस्टर काढलं. त्याच्या बायकोचं दुसरं बाळंतपण इथेच नोंदलंय. रक्तगट बी निगेटिव्ह. भावजयीचं नाव शोधलं, तेही सापडलं. ओ पॉझिटिव्ह.

उद्या या म्हटलं. आज नेट नाही असं खोटं सांगितलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दोघं आले. मी अंगदला समजावून सांगितलं. निगेटिव्ह बाईला एक इंजेक्शन द्यावं लागतं. कार्डावर वहिनीचं पॉझिटिव्ह असेल तर ते कुणी देणार नाही, बाळाच्या जिवावर येऊ शकतं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते इंजेक्शन आपन गुपचूप देऊ की. तुमी हायच."

"आणि डिलिव्हरीला मी नसले तर? नगरला न्यावं लागलं तर?"

"मंजी आमी उभंच राहायचं न्हाई?"

"राहू नका."

"तुमाला सोपं हाय म्हनायला."

पेन हातात तसंच धरून बसले. तेव्हा त्याची बायको पहिल्यांदा बोलली. "लिहा ताई. माझंच नाव लिहा. दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायचं माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

लिहिलं. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, अंगद. गरोदरपण कितवे, तिसरे. अंगद उठून बाहेर जाऊन गाडीवर बसला.

मी काही धाडस केलेलं नाही. रक्तगट होता म्हणून जमलं. दोघींचा एकच निघाला असता तर मी काय लिहिलं असतं, मला माहीत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

अंगदने काकूला सांगितलंच. घरी आले तर काकू दारातच.

"आपल्या घरात असं असून तू लोकांना कायदा शिकिवती?"

"कायदा नाही. रक्तगट होता."

"त्याची मान्सं आपल्या मागनं जातील. तुझ्या दादाला फेब्रुवारीत कोन मत देनार?"

मी म्हटलं, "देऊ दे नाही तर नको देऊ दे." एवढंच. पण मी कधी उलटून बोलत नाही, त्यामुळे तिला ते मोठं वाटलं असावं. खाली बसली. पुढ्यात मेथीची जुडी होती. मीही बसले निवडायला. बराच वेळ नुसत्या काड्या मोडत होतो.

मग तिने विचारलं, "काय म्हनली अंगदाची बायको?"

दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायचं ध्यानात राहत नाही म्हणाली, असं सांगितलं.

काकूचा हात थांबला. मेथीकडे बघतच बोलायला लागली. "तुझ्या टायमाला मी माईच्या नावानं, चांगुणाच्या नावानं भरती झाले. लई दुखत हुतं. नर्स म्हनायची, चांगुणा, जोर लाव. चांगुणा, जरासं ऱ्हायलं. मी ओ द्यायची. पन मला वाटायचं, ती माईलाच म्हनतीय. आधी तिचं हुईल, मंग माझं. तू रडली तरी मला वाटंना माझी सुटका झाली. दुसऱ्या खाटंवरचं पोर रडतंय वाटलं."

तिच्या गुडघ्यावर हात ठेवायचा होता, ठेवला नाही.

"तुझा काका दारात हुता. त्यानं समदं ऐकलं. बाहेर आल्यावर मी त्याला शपथ घातली, ह्यातलं कुनाला बोलू नको. माईलाबी न्हाई, तिला काय वाटंल. आमा दोघांबिगर आजवर कुनाला म्हाईत न्हाई."

"बापूंनाही नाही?"

"त्येन्ला न्हाई. आज तुला सांगितलं."

मग पाटी उचलून आत गेली. आतून म्हणाली, "अंगदाच्या बायकूला जप. निगिटिव काय म्हनतीस ते."

शनिवार, २२ नोव्हेंबर

ताई सासरी गेली. गाडीत बसून बाळाचा हात हलवत म्हणाली, "मावशीला टाटा कर." मावशी मी कुठल्याही कागदाने आहेच. त्या एका नात्यात काही बदलावं लागलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

बजरंगतात्यांचं बोलणं डोक्यातून जात नाही. 'मला म्हाईतीय.' तात्यांनी अर्ज केला नाही हे काकांना माहीत होतं, तर तेरा वर्षं त्यांच्याशी का बोलले नाहीत? आणि घरात आम्ही तात्यांना शिव्या द्यायचो तेव्हा गप्प का बसायचे?

सकाळी बापू गोठ्यात होते. विचारलं, तो अर्ज आहे का अजून आपल्याकडे.

"कशाला पायजे?"

"बघायचाय."

"बजरंगानं डोक्यात घातलं व्हय काय?" पण हात धुतले आणि आत येऊन पेटी उघडली. माझ्या कागदांची पिशवी वेगळी ठेवली आहे त्यांनी. जन्माचा दाखला, बोनाफाईड, दहावी-बारावीची मार्कशीट, नर्सिंगचं सर्टिफिकेट. सगळ्यांत खाली तो अर्ज, झेरॉक्स, घडीवर पिवळा पडलेला.

"साहेबानं एक नक्कल मला दिली हुती. मी वरच्या दोन ओळी वाचल्या अन् ठिवून दिलं. काय वाचायचं त्यात? खरंच हुतं की समदं."

मी तो माझ्या ड्युटीच्या पिशवीत घातला. बापू पेटीचं झाकण धरून तसेच उभे होते.

"ज्ञानू, मी तुला कवा पप्पा म्हन म्हनलं न्हाई. म्हनायला पायजे हुतं का?"

"नाही बापू."

"न्हाई, मला आपलं वाटायचं, तेवढं त्याचं त्याच्यासाठी ऱ्हाऊ दे. कवा तरी लागंल."

एसटीत वाचायचा नाही असं ठरवलं. घरात तर नकोच. आज ओपीडीला गर्दी होती. उद्या.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ओपीडी संपल्यावर दार लोटून वाचला. टाईप केलेला आहे, पारनेरच्या कुठल्या तरी टायपिंगवाल्याने कच्च्या कागदावरून जसाच्या तसा. जन्म धुळवडीच्या पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी. 'बाळंतिणीस नर्स दुसऱ्याच बाईचे नावाने हाका मारीत होती व ती बिचारी ओ देत होती.'

शेवटचा परिच्छेद असा: 'तरी सदर मूलगी ही सरपंच यांची स्वतःची मूलगी असून, सरपंच यांचे पद रद्द करून मूलगीस तिच्या बापाचे नाव लावणेत यावे, ही विनंती. आपला, एक ग्रामस्थ.'

तीन वेळा.

मुलगीतला मु ऱ्हस्व असतो, पप्पा.